मायचा कान

आमच्या घरात वाचता येणारं माणूस नव्हतं, पण वाचन मात्र रोज संध्याकाळी व्हायचं. दिवेलागण झाली की माय चुलीपुढे बसायची, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून आणलेलं कळण्याचं पीठ परातीत घ्यायची आणि माझ्याकडे न बघताच म्हणायची, "काढ पुस्तक." मी भिंतीला टेकून पुस्तक मांडीवर उघडायचे आणि धडा सुरू करायचे. तिकडे भाकरीवर थापा पडायच्या, इकडे माझं तोंड चालायचं, आणि दोन्हींचा वेग हळूहळू एक व्हायचा. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की सगळं घर खोकायला लागायचं. मलाही ठसका यायचा, पण ठसका लागला तरी थांबायचं नाही, असा मायचा नियम होता. मी थांबले की तिचा हात थांबायचा. "काब्र थांबली? पह्यलेपासून म्हन." मग पहिल्यापासून. कधीकधी एकाच धड्याची सुरुवात इतक्यांदा व्हायची की भाकऱ्यांची चवड पुरी होऊन जायची, आबा बागेतून येऊन हातपाय धुऊन पाटावर बसलेले असायचे, आणि तरी धडा संपल्याशिवाय ताट वाढायला माय तयार नसायची. आबा काही बोलायचे नाहीत. दिवसभर केळीला पाणी धरून आलेला माणूस, भूक लागलेली असायचीच. पण माझं शिक्षण हा मायचा कारभार होता आणि त्यात ते पडत नसत. मी काही विचारायला गेले की म्हणायचे, "तुह्या मायले विचार."

मायला वाचनाचं हे वेड तिच्या वडिलांकडून आलं होतं. माझा आजा यावलकडच्या आपल्या गावात पोथी वाचायचा. श्रावणात देवळात पोथी लागायची आणि सगळं गाव ऐकायला बसायचं. वाचणाऱ्यानं मध्ये अडखळू नये असा तिथला दंडक होता. अडखळला तर बाया एकमेकींकडे बघायच्या, कोणाच्या तरी घरात काहीतरी वाईट होणार असं धरून चालायच्या, आणि ओवी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागायची. आजाची ख्याती अशी की तो जन्मात कधी अडखळला नाही. म्हातारपणी त्याचे डोळे गेले, तरी पोथी पुढ्यात उघडी ठेवून, अंदाजानं पानं उलटत तो वाचत राहिला, आणि गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मायला तर नाहीच. तिच्या लेखी वाचणं म्हणजे पुढ्यात पुस्तक उघडं असणं आणि तोंडातून शब्द न थांबता येणं. डोळ्यांना त्यात काही काम असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. "मले अक्षर येत नाही," ती उन्हात ज्वारीचे बिबडे घालताना शेजारणींना सांगायची, "पन माह्या कानाले बठ्ठं समजते." सगळं समजतं, ही काही बढाई नव्हती. तिचा खरोखर तसा विश्वास होता, आणि तिच्यावर माझा होता.

गावातली शाळा म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात चार वर्ग आणि चौघांना मिळून एक गुरुजी. गुरुजी यावलहून सायकलवर यायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि आवाज लावायचे. ते एक ओळ म्हणायचे आणि आम्ही सगळे ती पुढेमागे झुलत, ओरडून म्हणायचो. चौथीचा धडा चालला असला तरी पहिलीची पोरंही ओरडायची, कारण गप्प बसणाऱ्याला छडी होती. गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांच्या त्या आरडाओरड्यामागे एक कारण होतं, ते मला फार उशिरा कळलं. शाळेच्या पाठीमागूनच केळीच्या बागा सुरू व्हायच्या आणि गावातले बाप दिवसभर तिथे असायचे. पाणी धरताना, घड कापताना शाळेचा गलका कानावर आला की ते निर्धास्त असायचे, पोरं शिकताहेत म्हणून. एखाद्या दिवशी गलका ऐकू आला नाही की संध्याकाळी कोणीतरी गुरुजींना रस्त्यात गाठायचंच. "काय गुरुजी, आज शाया बंद होती का?" एकदा गुरुजींनी आम्हाला पाटीवर आपल्या मनानं चार ओळी लिहायला सांगितल्या आणि सगळी खोली शांत झाली. मला तो दिवस आठवतो, कारण खिडकीतून पोपटांचा आवाज शाळेत पहिल्यांदाच ऐकू आला होता. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं, तर दुपारी सरपंच स्वतः दारात येऊन उभे राहिले. त्यानंतर गुरुजींनी तो नाद सोडला. पालकांचं शाळेकडे लक्षच नसतं अशी तक्रार करणारी शहाणी माणसं मला आजकाल भेटतात, तेव्हा मी गप्प बसते. आमच्या गावाचं शाळेकडे लक्ष होतं, अगदी डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसं होतं, फक्त ते सगळं कानांनी होतं.

त्या गलक्यात मी वाढले. चौथीत जाईपर्यंत चारही वर्षांची पुस्तकं माझ्या तोंडात होती. पान मी चित्रावरून ओळखायचे. कुंभाराचं चित्र आलं की कुंभाराचा धडा, आगगाडीचं आलं की आगगाडीचा. चित्र नसलेल्या पानावर मागच्या पानाचं संपलेलं पुढे न्यायचं, एवढंच. लिहायचं म्हणजे फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, आणि रांगोळी घालणाऱ्या पोरीला त्यात काय अवघड? माझं अक्षर तर गुरुजी दुसऱ्यांना दाखवायचे. चौथीला मी पहिली आले. मला वाचता येत नव्हतं, आणि येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. हे वाचून कोणाला हसू येईल, पण ते अगदी खरं आहे. मला वाटायचं सगळं जग असंच वाचतं. मी कोणाला फसवत नव्हते. मायही फसवत नव्हती, गुरुजीही नव्हते. सगळे मन लावून आपापलं काम करत होते आणि त्यातून हे झालं होतं, म्हणूनच मला त्याचा अजून राग येतो. राग धरायला कोणी सापडत नाही. इथे जामनेरला माझ्या नातवाच्या शाळेचा मोबाइलवर ग्रूप आहे. सून त्याला पुस्तक धरून उभा करते, तो धडधड कविता म्हणतो, ती व्हिडिओ पाठवते आणि भराभर अंगठे येतात. मी एकदा म्हटलं, त्याला मधलं एखादं पान उघडून दे बरं. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही.

चौथीनंतर पाचवीसाठी एसटीनं यावलला जावं लागायचं आणि गावातून कोणी पोरगी जात नसे. पोरी चौथीनंतर कापूस वेचायला जायच्या, आणि मग दोनचार वर्षांत त्यांचं लग्न व्हायचं. मायनं मात्र मनात धरलं होतं की मला धुळ्याला, देवपुरात तिच्या धाकट्या बहिणीकडे ठेवायचं आणि तिथल्या मुलींच्या शाळेत घालायचं. घरात वादळ उठलं. आबांचे मोठे भाऊ, माझे काका, कुटुंबात त्यांचाच शब्द चालायचा. ते म्हणाले, "कापूस वेचाले बाया भेटत नाही, अन् हे पोरीले धुयाले धाडतेत." माय त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी पदर डोक्यावर ओढून ती ओट्यावर आली आणि म्हणाली, "भाऊजी, एकडाव तिचं वाचनं तं आयका." मी आगगाडीचा धडा म्हटला. दम न घेता म्हटला. काका ऐकत राहिले; पोथी त्यांनीही खूप ऐकली होती. शेवटी त्यांनी विचारलं, "अन् तिथी जाऊन वाया गेली तं?" माय म्हणाली, "एका बोटानं जरी मांगं पडली, तं मीच तिले घरी घेऊन येईन. मंग तुमी म्हनसान तसं." हा शब्द तिनं सगळ्यांसमोर दिला. माझी शाळा त्या शब्दावर उभी होती, हे मला त्या वयातही कळलं.

धुळ्याची शाळा पांझरेच्या पलीकडे, मावशीच्या घरापासून चालत जाण्यासारखी होती. मोठ्या बाईंच्या खोलीत माय खुर्चीवर बसायला तयार होईना, शेवटी खुर्चीच्या टोकाला टेकली. मोठ्या बाईंनी कपाटातून एक पुस्तक काढलं, मधलंच पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "वाच बरं इथून." त्या पानावर चित्र नव्हतं. पुस्तकाचा वाससुद्धा ओळखीचा नव्हता. मी पानाकडे बघितलं, मग मायकडे बघितलं. माय मान हलवून मला धीर देत होती. मी कुंभाराचा धडा सुरू केला. "एका गावात एक कुंभार राहत होता. त्याचे चाक दिवसभर फिरत असे." एकदा सुरू झाल्यावर तो आपोआप येत गेला. मायचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, कारण तो धडा तिलाही पाठ होता. मध्येच एक पान उलटायला मी विसरले नाही. मोठ्या बाईंनी आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कितीतरी वेळ मायच्या त्या हलणाऱ्या ओठांकडे. मला थांबवलं नाही. धडा संपल्यावर माय म्हणाली, "कुठीच थांबली नाही ना बाई?"

"नाही थांबली," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही रोज बसता हिच्याजवळ?"

"रोज. ताप असला तरी."

"फार चांगलं करता."

मग त्यांनी शिपाईबाईंना सांगून मायला पाणी प्यायला बाहेर पाठवलं आणि पानावरच्या एका अक्षरावर पेन्सिल टेकवली. "हे काय आहे?" मी पानावर चित्र शोधू लागले. दुसऱ्यावर टेकवली. मला तेही सांगता येईना. माझे कान तापले. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मोठ्या बाईंनी पुस्तक मिटलं. "तुला मी घेते," त्या म्हणाल्या, "पण पाचवीत नाही, आमच्याकडे तिसरीत बसायचं. आईला मी बाकी काही सांगत नाही. एवढी खूश आहे बिचारी." माय आत आल्यावर तिला सांगितलं की इथला अभ्यास वेगळा असतो, सुरुवातीला मागच्या वर्गात बसवावं लागतं. शहरातली रीत असेल म्हणून माय हो म्हणाली. मोठ्या बाई दयाळू होत्या यात शंका नाही. पण त्यांच्या त्या एका दयेचं मला काय मोल पडलं, ते त्यांना कधी कळलं नाही. त्या वेळी त्यांनी मायला समोर बसवून, हातात हात घेऊन खरं सांगितलं असतं तर ती रडली असती, चिडली असती, पण तिला कळलं असतं. अडाणी माणसाला खरं पेलवत नाही, हा शिकलेल्यांचा समज फार जुना आहे.

तिसरीच्या वर्गात मी सगळ्यांत उंच होते. मागच्या बाकावर बसले तरी माझी वेणी सगळ्यांच्या वर दिसायची आणि मुली मला ताई म्हणायच्या, चिडवायला. पहिले काही दिवस मी मावशीकडे येऊन नुसती रडायचे. मावशी लग्नानंतर पुरती धुळ्याची झाली होती, तिथली अहिराणी बोलायची. ताटात शेवभाजी वाढून म्हणायची, "रडस काब्र वं? खाई ले. बठ्ठं व्हई जाई." आमच्या वर्गाच्या बाईंचं नाव सुमनबाई. त्यांच्या वर्गात गलका नव्हता, आणि हेच मला सगळ्यांत भयंकर वाटायचं. तोंड लपवायला जागाच नव्हती. त्या एकेकीला जवळ बोलवायच्या, पुठ्ठ्याच्या पट्टीवर एक शब्द लिहून द्यायच्या आणि थांबायच्या. घाई करायच्या नाहीत. मी पहिल्यांदा त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "आईचं नाव काय?" मी सांगितलं, गिरजा. त्यांनी ते पट्टीवर लिहिलं. "ही तुझी आई. ही जवळ ठेव, रोज बघ." मी ती पट्टी दप्तरात ठेवली, उशाशी ठेवली. मायची फार आठवण यायची, तेव्हा तिच्यावरून बोट फिरवायचे.

मावशीच्या घराखाली पिठाची गिरणी होती. दळण घेऊन मी तिथे नेहमी बसायचे. गिरणीच्या दारावर निळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते मी रोज बघत होते, भिंत बघावी तसं. एका दिवशी पट्टा घरघरत होता, अंगावर पीठ उडत होतं, आणि त्या निळ्या रंगात मला माझी माय दिसली. तिच्या नावातली पहिली दोन अक्षरं तिथे होती, तशीच्या तशी. पुढचं अक्षर वेगळं होतं. मी ते मनातल्या मनात लावून पाहिलं, आणि तो शब्द माझ्याशी बोलला. गिरणी. मी ओरडलेच. दळणारा माणूस दचकून म्हणाला, "काय झाये वं पोरी?" काय झालं ते त्याला कसं सांगणार? कोणी म्हणून न दाखवता, कोणाच्या मागून न म्हणता एक शब्द मला कळला होता. पुढे माझ्या आयुष्यात चांगल्या गोष्टी घडल्या, लेकरं झाली, पण त्या दुपारी वाटलं तेवढं मोठं मला पुन्हा कधी वाटलं नाही. नंतर रस्त्यानं चालणं मुश्किल झालं. दुकानाची पाटी आली की मी उभी. सुमनबाईंजवळ मी एकेक अक्षर जोडत, अडखळत वाचायला लागले, आणि दरवेळी अडले की लाजून मान खाली घालायचे. त्या म्हणायच्या, "मान वर. अडलीस ना? म्हणजे तू वाचते आहेस. नुसतं म्हणणारी कधी अडत नाही."

दिवाळीला आबा घ्यायला आले. घरी येईपर्यंत शेव, चकल्यांचे डबे भरून झाले होते आणि माय ओट्यावर वाट बघत उभी होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, खूप वाळली म्हणाली, जेवू घातलं आणि हात पुसत म्हणाली, "काढ पुस्तक." मी त्याचीच वाट बघत होते. सुमनबाईंनी सुट्टीसाठी दिलेलं गोष्टींचं नवं पुस्तक मी काढलं. मला तिला दाखवायचं होतं. मी बोट ठेवलं आणि वाचायला लागले. "ए-का... एका जं-ग... जंगलात..." दुसऱ्या ओळीला हात पुसता पुसता माय थांबली. मी पुढे वाचत होते. जोडाक्षर आलं तिथे अडले, मागे गेले, पुन्हा जोडलं, आणि बरोबर आलं म्हणून आनंदानं वर पाहिलं. मायच्या चेहऱ्यावर भीती होती. घरात कोणी मेल्याची बातमी यावी तशी ती माझ्याकडे बघत होती.

"काय झालं तुले?" ती म्हणाली. "तुह्या तोंडाले काय झालं?"

"काही नाही माय. मी वाचू राह्यली."

"हे वाचनं हाये? पह्यलीतलं पोरगं बरं."

"माय, खरं सांगू का? आधी मले वाचता येतच नव्हतं. मले पाठ होतं नुसतं. आता येते."

मी हे बोलायला नको होतं की बोलायलाच हवं होतं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. माय हळूच म्हणाली, "येत नव्हतं? मंग चार वरीस मी काय आयकत बसली व्हती?" मी पुस्तक मिटलं. "धुयाच्या बायांनी सांगितलं का तुले असं, का तुह्या मायले काही समजत नाही म्हनून?" तिचा आवाज फाटला. मला तिनं कधी मारलं नव्हतं आणि तेव्हाही मारलं नाही. मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आबांनी मध्यममार्ग काढला. गुरुजी फराळाला आले तेव्हा त्यांनी माझं वाचन ऐकावं आणि सांगावं, असं ठरलं. मला वाटलं, गुरुजी शिकलेले, त्यांना तर कळेल. मी त्यांच्यापुढे बसून तसंच बोट ठेवून, अडखळत एक पान वाचलं. गुरुजींनी हातातली चकली खाली ठेवली. त्यांनी ते पुस्तक मागून घेतलं, चाळलं, परत दिलं, आणि माझ्याकडे बघायचं टाळून आबांना म्हणाले, "आता काय सांगावं? माझ्याकडे पहिली आलेली मुलगी. तिला त्यांनी तिसरीत बसवलं. मग मागे नाही पडणार तर काय होईल?" त्यांना खरं कळलं होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. कळलं असेल, तर ते बोलणं त्यांना परवडणारं नव्हतं. काका शेजारीच बसले होते. ते मायकडे बघून हसले.

त्या संध्याकाळी मायनं मला पोटाशी धरलं. ती हरायला तयार नव्हती. "उद्या भाऊजी येतीन," ती म्हणाली, "त्यायच्यासमोर एकडाव म्हनून दाखव. कुंभाराचा. आधी म्हने तसा. कुठी न थांबता म्हटला, तं मी स्वतः तुले यष्टीत बसवते. कोनाच्या बापाचं आयकत नाही." मला एवढं हलकं वाटलं की मी रडायला लागले. कुंभाराचा धडा! तो तर झोपेतही म्हटला असता. सुमनबाईंकडे परत जायचं तर एकदा न वाचता दाखवायचं होतं, बस. मला काही चुकीचं वाटलं नाही. शाळेसाठी मी याहून मोठं खोटं बोलले असते.

दुसऱ्या दिवशी आबा, काका, काकू सगळे जमले. चौथीचं जुनं पुस्तक मायनं स्वतः काढून पुसून ठेवलं होतं. मी कुंभाराचं पान उघडलं, डोळे मिटले आणि सुरू केलं. "एका गावात एक कुंभार राहत होता. त्याचे चाक..." ते येत होतं, पूर्वीसारखं, आपोआप. मायच्या तोंडावर उजेड आला असेल. मी बघितलं नाही. तेवढ्यात तिचाच आवाज आला. "डोये उघड. पुस्तकात पाहून म्हन." काकांनी नंतर नाव ठेवू नये म्हणून, माझ्याच भल्यासाठी ती म्हणाली. मी डोळे उघडले.

पान तेच होतं, चित्र तेच होतं, पण आता तिथे अक्षरं होती. ती जागची हलेनात. मी "त्याचे चाक दिवसभर फिरत असे" म्हटलं आणि नजर पुढच्या ओळीवर गेली. तोंडात तर पुढचं वाक्य तयार होतं, मडकी बाजारात जात असत असं काहीतरी. पण पानावर मध्ये आणखी एक ओळ होती. ती आम्ही कधीच म्हटली नव्हती. गुरुजींच्या सांगण्यात ती कधीतरी सुटून गेली असावी आणि मग आम्ही सगळे वर्षानुवर्षं ती सोडूनच ओरडत आलो होतो. मी थांबले. पाठ झालेलं पुढे न्यायचं म्हणून फार जोर केला, पण ती ओळ समोर असताना ते तोंडातून निघेना. माझं बोट आपोआप पानावर गेलं.

"चा-का-शे... चाकाशेजारी... त्या-ची मु-ल-गी..."

"पह्यलेपासून," माय म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी होती.

मी पहिल्यापासून घेतलं. त्या ओळीपाशी पुन्हा अडले. तिसऱ्यांदा तिनं पहिल्यापासून म्हण असं सांगितलं नाही. काका उठले, धोतर झटकलं आणि चपला घालून निघाले. त्यांच्या पाठोपाठ काकू गेल्या. आबा तंबाखूची चंची शोधत बाहेर ओट्यावर गेले. मग मायनं उठून धुळ्याहून आणलेली माझी पत्र्याची पेटी उचलली, आतले कपडे काढून खुंटीला टांगले आणि रिकामी पेटी माळ्यावर सरकवून ठेवली.

मी ती ओळ शेवटपर्यंत वाचली. चाकाशेजारी त्याची मुलगी माती मळत असे.